पट्ट्याचा चीक आणि गणपत गल्लीतला दुरुस्तीवाला

दुकानाला पाटी नाही, आणि नाव लिहायला त्यानं मला मनाई केलीय. "अक्का, लिहा खुशाल, पण नाव घालू नका. आधीच कामं साठून बसल्यात." म्हणून पत्ता एवढाच सांगते: बेळगावात गणपत गल्लीच्या मागच्या बोळात शिरायचं, भांड्यांच्या दुकानाशेजारचा अंधारा जिना चढायचा. वर रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या राशीत चष्मा कपाळावर चढवून बसलेला माणूस दिसला की पोचलात.

तिथं मी माझ्या स्वेटर विणायच्या मशीनचा फ्लॉपीचा डबा, म्हणजे नमुने साठवायचं यंत्र, दुरुस्तीला दिला होता. आठ दिवस सांगितले, सात आठवडे लागले. तरी पाचातले चार तारे देतेय. का ते सविस्तर सांगते, कारण असले डबे अजून कुणाकुणाच्या माळ्यावर पडून असणार.

मी वडगावची. आमच्या गल्लीत घरटी माग, त्यांच्या खडखडाटातच संसार झाला. माझं विणकाम मात्र लोकरीचं. थोरले दीर मस्कतला होते, त्यांनी १९९२ साली सुट्टीवर येताना ब्रदर कंपनीचं स्वेटर विणायचं मशीन आणलं, केएच-९४०. एका ओळीत दोनशे सुया, वरून हातानं कॅरेज ओढायचं. आत ५५५ नमुने तयार. आपला स्वतःचा नमुना हवा असेल तर आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवायचे आणि बटणं दाबत एकेक टाका मशीनला सांगायचा. त्या नमुन्यांना ९०१ पासून पुढचे नंबर मिळतात. एका नमुन्याला कधी अख्खी दुपार जायची. मध्येच वीज गेली की तोंडातून काय काय निघायचं ते इथं लिहीत नाही.

माझी ती कटकट ऐकूनच दोन वर्षांनी दिरांनी डबा आणला. एफबी-१००. जाडजूड पोथीएवढा, साडेतीन इंची फ्लॉपी घेणारा. भरलेले नमुने फ्लॉपीवर ठेवायचे, लागतील तेव्हा परत मशीनमध्ये घ्यायचे. एका फ्लॉपीवर मावतं शंभर किलोबाइटच्या आतच. आजच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात बसायचा नाही, पण माझे पंचवीस वर्षांचे नमुने तीन फ्लॉप्यांत बसले होते. शाळांच्या स्वेटरांचे पट्टे, बाळांच्या टोपड्यांवरची बदकं, आणि सासूबाईंच्या इरकलीचा गोमी काठ. तो काठ मी साडी मांडीवर घेऊन, भिंगातून बघत कागदावर उतरवला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "साडी नेसायची सोडून मोजत काय बसलीयस?"

मधल्या काळात यजमानांचं आजारपण झालं, मशीन चार वर्षं झाकून पडलं. परत लावलं तर मशीनच्या आतली आठवण कोरी. म्हटलं, असू दे, डबा आहे. डबा लावला. दिवा लागला, आतून बारीक घरघर आली, आणि मशीननं चूक दाखवली. परत लावला, परत चूक.

आता आधीच्या एका दुरुस्तीवाल्याची गोष्ट. कोण, कुठला, ते सांगायचं नाही, गावातच राहायचंय. त्यानं डबा दोन दिवस ठेवून घेतला, घरातला कसला तरी अडॅप्टर जोडून बघितला, आतून करपल्याचा वास आला. मग डब्यावरचे ते अगदी बारके खटके असतात, ते "बघू काय होतंय" म्हणत इकडचे तिकडे केले. शेवटी "पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या" असं सांगून पाचशे रुपये घेतले. पाचशे कशाचे, हे विचारायला मी तेव्हा तोंड उघडलं नाही, त्याची रुखरुख आजही आहे.

माझी नात बेंगळूरला शिकते. तिनं शोधून एक गंमत सांगितली. माझा हा डबा नुसता विणकामाचा नव्हेच. बनवला ब्रदरनं, पण अमेरिकेत टँडी कंपनीनं तोच 'पोर्टेबल डिस्क ड्राइव्ह' म्हणून विकला, त्यांच्या मॉडेल १०० नावाच्या कॉम्प्युटरसाठी. तो १९८३ सालचा. मांडीवर मावणारा, चार पेन्सिल सेलवर चालणारा, पडद्यावर चाळीस अक्षरांच्या आठ ओळी. तिकडचे बातमीदार तो बगलेत मारून हिंडायचे म्हणे. विणकाम करणाऱ्या बायकांनी डब्याच्या आतलं फारसं कधी लिहिलं नाही, पण त्या कॉम्प्युटरवाल्यांनी त्याचा स्क्रू न् स्क्रू उघडून ठेवलाय. म्हणजे माझ्या दुखण्यावरचं औषध भलत्याच लोकांच्या कपाटात होतं.

गणपत गल्लीतल्या माणसानं काम घेतलं ते याच वाक्यावर. आधी म्हणाला, "विणायच्या मशीनचं मला काय कळतंय अक्का?" नातीनं फोनवर मॉडेल १०० चा फोटो दाखवला, तसा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "हे कॉम्प्युटरचं ड्राइव्ह होय? मग ठेवा की इथं."

पहिली चांगली गोष्ट इथंच. त्यानं फ्लॉपी आत घातली नाही. मला वाटलं होतं, लगेच लावून बघेल. त्यानं तिन्ही फ्लॉप्या हातात घेतल्या, एकेकीचं पत्र्याचं झाकण नखानं सरकवलं आणि आत टॉर्च मारला. दोन बऱ्या होत्या. तिसरीच्या काळ्या चकतीवर पांढरे ठिपके, रांगोळी सांडल्यासारखे. बुरशी. वडगावचा पावसाळा आणि लाकडी कपाट, दुसरं काय होणार! "ही आत गेली असती तर बुरशी हेडला, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या भागाला लागली असती, आणि मग हेडवरनं चांगल्या दोन्हींना," तो म्हणाला. मी घरी ती चार-पाच वेळा घालून बघितली होती. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं काही न बोलता नुसतं डोकं खाजवलं.

दुसरी गोष्ट मी स्वतः बघितली, कारण मी उठलेच नाही. खाली रिक्षावाला थांबलेला होता, त्याला जायला सांगितलं. डब्याचे स्क्रू काढून वरचं आवरण उचललं तर आत मोटर एका बाजूला, चकती फिरवणारं चाक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये रबरी पट्टा असायला हवा. पट्टा नव्हताच. त्याच्या जागी काळा, चकचकीत, चिकट राळ. चिमट्यानं उचलला तर तार सुटली, अगदी फणस कापताना सुटते तशी. जुन्या रबराचं असंच होतं म्हणे, वापरलं नाही तरी. नुसतं बसून बसून वितळतं. मी घरी ऐकत होते ती घरघर मोटरची होती. मोटर एकटीच फिरत होती, फ्लॉपी जागच्या जागी.

फणसाच्या चिकाला आपण हाताला तेल लावतो. इथं तेल लावलं तर संपलं, कारण चाकावर तेलाचा अंश जरी राहिला तरी नवा पट्टा घसरतो. त्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली काढली आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या. एक काडी दोनदा वापरली नाही. मोटरच्या बारक्या चाकाच्या खाचेत राळ घट्ट बसलेली, तिथं दातकोरणीला कापूस गुंडाळून फिरवत बसला. पाऊण तास. मध्ये चहा आला तो त्यानं लांबच्या टेबलावर ठेवायला लावला. मी विचारलं, पेट्रोल का नाही, झटक्यात निघेल. "पट्टा निघंल, त्याबरोबर प्लॅस्टिक पण निघंल," म्हणाला. थिनरचंही तेच. घरी कुणी हे करणार असेल तर एवढं लक्षात ठेवा: राळेचा एक थेंबसुद्धा हेडकडे जाऊ देऊ नका, आणि जे हात राळेला लागलेत तेच हात फ्लॉपीला लावू नका.

हेड सरकतं त्या दांड्यांवरचं ग्रीस मेणासारखं थिजलं होतं. तेही पुसून नवं लावलं, अगदी मोहरीएवढं. मला वाटलं कंजुषी करतोय, पण जास्तीचं ग्रीस उडून चकतीवर जातं म्हणाला.

करपल्याच्या वासाचं कारणही सापडलं. एक डायोड गेला होता, दोन रुपयांचा. टँडीच्या या डब्याला अडॅप्टर असा लागतो की पिनेच्या मधोमध ऋण आणि बाहेरच्या कड्याला धन. बाजारात आपल्याकडं मिळणारे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. पिन बसते, दिवा लागेल असं वाटतं, आणि धूर निघतो. डब्यावर भोकाशेजारी खूण छापलेली असते, ती भिंग घेऊन बघा. त्यानं माझ्या अडॅप्टरला लाल चिकटपट्टी गुंडाळून वर लिहून दिलं, "फक्त डब्याला". कन्नडमध्ये लिहिलंय. मला वाचता येतं, पण सुनेला येत नाही, म्हणून खाली मी मराठीत लिहिलं.

इथपर्यंत सगळं एका दिवसात झालं होतं. उरलेले आठवडे गेले पट्ट्यात आणि त्याच्या स्वभावात.

त्याच्याकडं टेपरेकॉर्डरच्या पट्ट्यांचा अख्खा बिस्किटाचा डबा आहे. दोऱ्यानं माप घेतलं, जवळचा पट्टा चढवला, चकती फिरायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. पण मशीनला जोडलं तर परत चूक. पट्टा जरा जाड होता. जाड पट्टा चाकावर बसला की चाकाचा घेर वाढल्यासारखा होतो, वेग बदलतो, आणि फ्लॉपीवरचं लिखाण वेगावरच वाचायचं असतं. दुसरा बारीक होता, पण ढिला. मग त्यानं मुंबईहून पट्टा मागवायचा ठरवलं. तेवढ्यात गणपती आले. गणपतीत त्याचं दुकान बंद, कारण मंडळाची रोषणाई त्याच्याकडं. अकरा दिवस मी फोन करत राहिले. फोन तो उचलत नाही, ही माझी पहिली तक्रार. रागानं एकदा दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंत गेले, गेट पडलेलं, अर्धा तास तिथंच. पोचले तर वर कुलूप. दारावर चिठ्ठी लावायला काय जातं माणसाचं?

पट्टा आला, बसला, चकती शांतपणे फिरली. तरी चूक! इथं दुसऱ्या कुणीही हात टेकले असते. त्यानं विचारलं, "अक्का, आधी कुणी उघडला होता काय?" मी त्या खटक्यांचं सांगितलं. तो इतक्या जोरात हसला की खालच्या भांडीवाल्यानं वर बघितलं. ते खटके म्हणजे डबा कुठल्या वेगानं आणि कुठल्या पद्धतीनं बोलणार याची निवड. टँडीच्या कॉम्प्युटरशी हा डबा १९,२०० च्या वेगानं बोलतो, विणकामाच्या मशीनशी ९,६००. आधीच्या महाशयांनी माझ्या डब्याला भलतीच बोली शिकवून ठेवली होती. खटके जागेवर गेले आणि मशीननं पहिल्याच फटक्यात फ्लॉपी वाचली. डब्याला हात लावायच्या आधी खटक्यांचा फोटो काढा, हे मी आता भेटेल त्याला सांगत असते, त्याच्याकडं डबा असो वा नसो.

आता ज्याच्यासाठी चार तारे. डबा चालल्यावर तो लगेच माझ्या हातात दिला नाही. म्हणाला, पहिल्यांदा आतलं बाहेर काढू, नंतर तुमचं विणकाम. त्यानं एक यूएसबीची वायर करून डबा सरळ कॉम्प्युटरला जोडला. यातही एक फसवी गोष्ट आहे: डब्यातून येणारा विजेचा इशारा पाच व्होल्टचा. टँडीच्या वायरीत तो बदलणारे भाग प्लगच्या पोटातच असतात. म्हणून जुन्या कॉम्प्युटरची नेहमीची सीरियल वायर साध्या तारांनी जोडून चालत नाही, पाच व्होल्टवाली यूएसबी वायर लागते. वाचायचा प्रोग्रॅम नातीनं आणून दिला. स्टीव्ह कॉन्क्लिन नावाच्या अमेरिकन माणसानं हा डबा समजून घेऊन तो लिहिला आणि सगळ्यांना फुकट दिला. पुढं २०१० मध्ये बेकी स्टर्न आणि लिमोर फ्राइड या दोघींनी त्याच्यावरूनच माझ्या मशीनच्या थोरल्या बहिणीवर, केएच-९३० वर, कॉम्प्युटरमधून चित्रं विणून दाखवली. म्हणजे कॉम्प्युटरच मशीनला सांगतो, मी डबा आहे, आणि मशीन बिचारं विश्वास ठेवतं.

फ्लॉपीवर ८० सेक्टर, म्हणजे माहितीचे कप्पे, प्रत्येकात १,०२४ बाइट. एकेक सेक्टर वाचला की पडद्यावर एक ओळ. पहिली फ्लॉपी ऐंशीच्या ऐंशी. दुसरीही. बुरशीवाली तिसरी त्यानं आठवडाभर बाजूला ठेवली होती. तिचं प्लॅस्टिकचं कवच सुरीनं उघडून आतली चकती बाहेर काढली, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कापसानं हलकेच धुतली, कागदावर नाही, तर दोऱ्याला टांगून वाळवली, आणि दुसऱ्या एका स्वच्छ फ्लॉपीच्या कवचात घातली. शस्त्रक्रिया म्हणायची ती हीच. तिच्यातले ७७ सेक्टर आले, तीन गेले. ती एकदाच वाचायची, परत घालायची नाही, असं बजावून त्यानं तिच्यावर काट मारली.

गोमी काठ तिसरीवरच होता. आला, पण उजवीकडच्या काही टाक्यांत कचरा. आलेखाचा मूळ कागद नाही. साडी आहे, सुनेच्या कपाटात. परत मांडीवर घेऊन मोजत बसायला हवं, यावेळी भिंग मोठं लागेल.

आता सल्ला. नात म्हणते, हे सगळं कशाला, 'आयाब' बसव. म्हणजे मशीनच्या मेंदूच्या जागी आर्डुइनो नावाची पाटी, आणि नमुना थेट कॉम्प्युटरवरून. चांगलंच असणार. पण मग विणताना प्रत्येक ओळीला लॅपटॉप शेजारी उघडा हवा. माझ्या घरी लोकरीचे तंतू उडतात, मांजर आहे, आणि चहा नेहमी कुठं तरी सांडलेला असतो. मला नमुना एकदा मशीनमध्ये गेला की पुरे. दुरुस्तीवाला स्वतःच म्हणाला, "डबा जपून ठेवा, रोजचं काम कॉम्प्युटरच्या वायरीवर करा." स्वतः दुरुस्त केलेल्या वस्तूबद्दल असं सांगणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला. मी त्याचं अर्धं ऐकते. शाळेच्या ऑर्डरी वायरीवर, माझं स्वतःचं विणकाम डब्यावर. चकती फिरायला लागताना जो आवाज येतो त्याची मला सवय आहे.

नव्या फ्लॉप्या घेणार असाल तर एकच: या डब्याला जुन्या ७२० किलोबाइटवाल्या लागतात, दोन कोपऱ्यांपैकी एकाच कोपऱ्यात भोक असलेल्या. दोन्हीकडं भोकं असलेल्या १.४४ वाल्या बाजारात अजून सापडतात, चालल्यासारख्या वाटतात आणि महिन्याभरात दगा देतात. भोकावर चिकटपट्टी लावूनही फरक पडत नाही, कारण आतला मुलामाच वेगळा असतो. माझ्या दोन गेल्या तेव्हा कळलं.

पैसे: डायोड, पट्टा, सफाई, तीन फ्लॉप्यांतलं काढून पेन ड्राइव्हवर देणं, सगळं मिळून अठराशे. बिल देत नाही, कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून पुढं सरकवतो. घासाघीस केली तर ऐकू न आल्यासारखं करतो. कुंद्याचा पुडा नेला होता तो मात्र लगेच ऐकू आला.

एक तारा कापलाय तो फोनसाठी आणि त्या कुलपासाठी. जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा, मंगळवारी जाऊ नका. स्वतःचा अडॅप्टर आणि वायर बरोबर न्या, फ्लॉप्या घरी घालून बघू नका. जिन्यात तिसरी पायरी तुटलीय, टॉर्च लावूनच चढा.